ताडून न पाहिलेली वचने

थॉर्नमीरचे पाळक बार्नाबस ऑर्बेल यांची दृष्टी गेली, त्याला त्या जानेवारीत चौदा महिने झाले होते. तेव्हापासून त्यांचे डोळे म्हणजे त्यांची भावजय टॅमसिन, धाकट्या भावाची विधवा. ती त्यांना पत्रे वाचून दाखवी, ताटातला मासा काट्यांतून सोडवून देई, आणि रोज न्याहारीनंतर अभ्यासिकेच्या खिडकीशी बसून ते सांगतील ते चिठ्ठ्यांवर उतरवून घेई.

लंडनला काही विद्वान मंडळी इंग्रजी भाषेचा मोठा कोश रचत होती. गावोगावचे लोक त्यांच्यासाठी जुनी पुस्तके वाचून शब्द पाठवत. एका शब्दाला एक चिठ्ठी. वर शब्द, त्याखाली जुना अर्थ, त्याखाली तो शब्द ज्यात आला ते वाक्य, आणि शेवटी ते वाक्य कुठल्या पुस्तकात कुठल्या पानावर. ऑर्बेलांच्या घराकडे वाचायला पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आले होते, शिवाय काही जुने कवी आणि प्रवचनकार. ‘क्विक’ म्हणजे आज चपळ. शास्त्राच्या जुन्या भाषांतरात जिवंत. ‘लेट’ म्हणजे आज करू देणे. तेव्हा नेमके उलट, अडवणे. ‘सफर’ म्हणजे आज सोसणे. तेव्हा होऊ देणे. टॅमसिनला या शब्दांची गंमत वाटे. आपल्या म्हाताऱ्या शेजारणीला तिच्या तरुणपणी गाव कुठल्या वेगळ्याच नावाने हाक मारत होता हे कळावे, तसे काहीतरी.

काम मुळात तिच्या नवऱ्याचे होते. लॅम्बर्टने ते सुरू केले तेव्हा त्यांच्या लग्नाला सहा वर्षे झाली होती. थंडीत शाई गोठू नये म्हणून तो दौत कोटाच्या आतल्या खिशात ठेवी, त्यामुळे त्याच्या सगळ्या सदऱ्यांवर डाव्या बाजूला निळा डाग असे. टॅमसिन ते डाग लिंबाने घासायची, आणि तो म्हणायचा, “राहू दे गं, हरवलो तर ओळख पटायला बरं.” त्याचा एकच कडक नियम होता. पुस्तकातल्या ओळीवर बोट टेकवल्याशिवाय लेखणी उचलायची नाही. वाक्य कितीही पाठ असो, आधी ताडून पाहायचे, मग चिठ्ठीच्या कोपऱ्यात बरोबरची छोटी खूण करायची. त्याच्या जोडीने चिठ्ठ्या लिहिणाऱ्या थोरल्या भावाला हे पटत नसे. बार्नाबसला शास्त्र तोंडपाठ होते, आणि तोंडपाठ माणसाने पाने उलटत बसावे हा त्याला अपमान वाटे.

मग अठराशे एकसष्टची ती थंडी आली. तळे गोठले. लॅम्बर्ट पायाला बर्फावर घसरायच्या लोखंडी पट्ट्या बांधून तळ्यावरून पलीकडच्या टपालघराकडे निघाला आणि बर्फ फुटून आत गेला. बार्नाबस काठावर होता. त्याने दोर दोनदा फेकला, दोन्ही वेळा तोकडा पडला, असे त्याने सांगितले. लॅम्बर्टने हाकही मारली नाही, एकदम खाली गेला, हेही त्यानेच सांगितले. वीस वर्षे टॅमसिन या शेवटच्या वाक्याला धरून होती. त्याला फार वेळ लागला नाही, एवढेच तिच्यापाशी होते.

“तळं गोठलं का?” पाळकसाहेबांनी विचारले. हल्ली रोज सकाळी त्यांचा पहिला प्रश्न हाच असे.

“काठाकाठाने धरलंय, भावोजी. मध्ये अजून पाणी दिसतंय.”

“हं. लिही. शब्द, ‘विस्ट’. अर्थ, ठाऊक होते.” त्यांनी तोंड शेकोटीकडे वळवले. वचन सांगताना त्यांचा आवाज बदले, चर्चमधला होई. “‘आणि धाकट्याच्या उराशी एक लेख होता, आणि त्यात काय लिहिले आहे हे थोरल्यास ठाऊक होते.’”

टॅमसिनने लिहिले. अध्याय आणि ओळ त्यांनी न अडखळता सांगितली, तीही लिहिली. ताडून पाहिले नाही. त्यांची दृष्टी गेल्यापासून तिने एकही चिठ्ठी ताडून पाहिली नव्हती. ज्या माणसाने चाळीस वर्षे व्यासपीठावरून शास्त्र सांगितले, त्याच्यासमोर पाने उलटायची तिला लाज वाटे. खुणा मात्र ती करत होती.

स्वयंपाकीण फिअरीबाई जळणाच्या काळ्या ढेपा घेऊन आत आल्या. “मेलेल्या शब्दांना इथे एवढी ऊब,” त्या पुटपुटल्या, “आणि जित्या माणसांची बोटं तिकडे पिठात गोठतायत.”

“फिअरीबाई, मी आंधळा झालोय, बहिरा नाही,” पाळकसाहेब म्हणाले.

“म्हणून तर मोठ्यानं बोलले, साहेब.”

बुधवारी लंडनहून संपादकांचे पत्र आले. टॅमसिनने आधी मनात वाचले, आणि बरे झाले की आधी मनात वाचले. ऑर्बेल यांच्या कामाबद्दल अत्यंत आदर आहे, असे सुरुवातीलाच होते. नाताळपूर्वीच्या पुडक्यातल्या तीन चिठ्ठ्या मात्र शास्त्रात सापडत नाहीत. आमच्याकडून तीन जणांनी शोधल्या. कदाचित ओळीचा आकडा चुकला असेल. कृपया मूळ पुस्तकात ताडून पाहावे. तिन्ही चिठ्ठ्या सोबत होत्या, तिच्याच अक्षरात, कोपऱ्यात तिचीच खूण.

पाळकसाहेब दुपारी डुलकी घेत होते. टॅमसिनने कपाटातून शास्त्राची मोठी प्रत काढली आणि लॅम्बर्टच्या पद्धतीने ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. तो अध्याय होता, ती ओळही होती, पण तिथे दुसरेच काही होते. तिने मागचे-पुढचे अध्याय पाहिले, जुने भाषांतर काढून पाहिले. तीनपैकी एकही वचन कुठेच नव्हते.

चिठ्ठ्या शब्दानुक्रमे खणांत टाकायच्या असतात. त्यामुळे आज सांगितलेले उद्याच्या शेजारी कधीच येत नाही. एक शब्द या टोकाला जातो, दुसरा त्या टोकाला. पण टॅमसिन एक वहीही ठेवत होती, कुठल्या दिवशी कुठले वचन लिहिले याची. तिने ती वही उघडली. ऑक्टोबरपासून पुढे, रोज आठ-दहा खऱ्या वचनांच्या मध्ये, एखादे सापडले नाही. सापडले नाही त्यापुढे ती पेन्सिलीने फुली करत गेली. खिडकीतला उजेड मावळायच्या आत एकवीस फुल्या झाल्या. मग तिने फक्त फुल्यांची वचने एकाखाली एक वाचली.

‘आणि त्या दिवसांत हिम भारी होते, आणि दोघे भाऊ जलाशयाच्या तीरावर गेले.’

‘आणि थोरला म्हणाला, तू मला लोकांत खोटा ठरवशील काय?’

‘आणि हिम त्याच्या पायांखाली फुटले, आणि तो पाण्यात जिवंत होता.’

‘तेव्हा थोरल्याच्या हाती दोर होता, परंतु त्याच्या अंतःकरणाने त्याचा हात अडवला.’

आणि त्या सकाळचे ‘विस्ट’, उराशी लेख असलेले.

त्या लेखाबद्दल लॅम्बर्टने फक्त तिला सांगितले होते. त्या दिवशी सकाळी, पट्ट्या बांधता बांधता. “या पत्रानं दादाच्या चारशे चिठ्ठ्या मी परत मागवतोय. त्यातली अर्धी वाक्यं त्याच्या डोक्यातली आहेत, पुस्तकातली नाहीत. त्याला नंतर सांगेन. चिडेल, पण सांगेन.” बर्फ वितळल्यावर मृतदेह मिळाला तेव्हा कोटात त्या पत्राचा नुसता लगदा होता. बार्नाबसला त्या पत्राची गंधवार्ता नव्हती, असे ती वीस वर्षे समजत होती.

टॅमसिनने वही मिटली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. खुर्चीत पाळकसाहेबांचा श्वास संथ चालला होता. झोपेतसुद्धा त्यांचे ओठ हलत होते.

दुसऱ्या दिवशी ती बांधावरून मोरीपाशी गेली. मोरीवाला नोआ सेचेल आता सत्तरीच्या पुढचा होता, पण तळ्याच्या पाण्याची दारे उघडणे-मिटणे अजून त्याच्याचकडे होते. तो दारात बसून वाम माशाच्या सापळ्याचा वेत बदलत होता.

“या बाई. एवढ्या थंडीत मोरीवर? घरात काही भांडण झालं का?”

“नोआ, तळ्याकाठचा दोर दर थंडीत तूच टांगतोस ना?”

“माझा बाप टांगायचा, मी टांगतो. माझ्यामागं कुणी टांगेल असं दिसत नाही.”

“लॅम्बर्ट गेला त्या संध्याकाळी दोर परत कुणी आणला?”

सेचेलचे हात थांबले. त्याने वेत बाजूला ठेवला, आणि टोपी काढून उगाच आत पाहिले.

“मीच,” तो म्हणाला. “वीस वर्षांनी विचारताय.”

“मला आज सुचलं.”

“बाई, भिजलेला दोर त्या थंडीत घटकाभरात काठीसारखा होतो. वाकत नाही. खांद्यावर टाकून आणावा लागतो. तो दोर मी गुंडाळून आणला. मऊ होता. कोरडा.”

“कुणाला बोलला नाहीस?”

“बायकोला बोललो. ती म्हणाली, गप ऱ्हा, मोरीवाल्याचं आणि पाळकाचं वजन एका तराजूत होत नाही. आणि तुम्ही तर त्यांच्याच घरात राहायला गेलात. मी म्हटलं, बाईंना ठाऊक असेल, त्यांनी माफ केलं असेल.” त्याने टोपी डोक्यावर घातली. “नव्हतं ठाऊक?”

“नाही.”

त्याने शेजारची टोपली पुढे ओढली. मग म्हणाला, “वाम नेता का दोन? ताजे आहेत.” दुसरे काय द्यावे हे त्याला सुचले नाही. टॅमसिनने ते घेतले.

शुक्रवारी तिने पाळकसाहेबांना संपादकांचे पत्र वाचून दाखवले. मुद्दाम सरळ आवाजात, काही न गाळता.

“सापडत नाहीत?” ते हसले. “लंडनवाल्यांना शास्त्र वाचता येत नाही, त्याला मी काय करू?”

“मीही शोधली, भावोजी. नाहीत.”

“तू.” हसू गेले. “तू पण ताडून पाहायला लागलीस. माझ्या घरात बसून.”

“नियम आहे तो.”

“नियम त्याचा होता.” त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. “टॅमसिन, माझ्या तोंडून शास्त्र चुकत नाही. वचन येतं ते येतं, मला आठवावं लागत नाही. रात्रंदिवस येतं. ते शास्त्र नाही तर काय आहे मग?”

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. ते खोटे बोलत नव्हते. भीती तिला त्या क्षणी वाटली, आधी नव्हती वाटली. हा माणूस लपवत नव्हता. त्याने ती गोष्ट इतकी वर्षे इतक्या खोल दाबली होती, की आता ती त्याच्याकडे परत येत होती ती देवाच्या आवाजात, आणि त्याने आवाज ओळखला, गोष्ट ओळखली नाही.

“रविवारी बिशपांचे कारभारी येतायत,” ते जरा वेळाने म्हणाले, आता मऊपणे. “आंधळा पाळक चालेल का, हे बघायला. मी धडा म्हणेन, पुस्तक समोर उघडं ठेवून. अडलो तर तू आहेस पहिल्या बाकावर. एकच शब्द, हळू. नेहमीसारखं.”

“हो.”

“कारण हे घर माझं नाही, लक्षात आहे ना? घर गावच्या पाळकाचं. मी गेलो तर नवा माणूस त्याची माणसं घेऊन येईल. तुझे दोन खण आणि तुझी खुर्ची कुठे ठेवणार आपण?”

“लक्षात आहे, भावोजी.”

“चल, लिही. शब्द, ‘सफर’. अर्थ, होऊ देणे.” आवाज बदलला. “‘आणि त्याने ते होऊ दिले, पाणी स्थिर होईपर्यंत.’”

तिने लिहिले. पुस्तकाचे नाव कुठले ते त्यांनी सांगितले, ते मात्र लिहिले नाही. ती जागा कोरी ठेवली. कोपऱ्यात खूणही केली नाही.

शनिवारी संध्याकाळी तळे पूर्ण गोठले. फिअरीबाई परसातून आत येत म्हणाल्या, “ऐकलं का? कडाडतंय.” आणि खरेच, दुरून, जमिनीखालून आल्यासारखा तो आवाज येत होता. टॅमसिनला तो वीस वर्षांपासून ओळखीचा होता. पाळकसाहेब जेवताना मान वळवून ऐकत राहिले, आणि त्यांनी ताटातल्या वामाला हात लावला नाही.

रविवार, सोळा जानेवारी. चर्चमध्ये श्वासाची वाफ दिसत होती. एरवी थंडीत अर्धे बाक रिकामे असतात, पण बिशपांचा माणूस कसा दिसतो हे पाहायला सगळे थॉर्नमीर आले होते. कारभारी व्यासपीठाशेजारच्या खुर्चीत बसले. बारीक चणीचे, सर्दी झालेले गृहस्थ होते ते, त्यांच्याकडे पाहून कुणालाच भीती वाटली नसती. नोआ सेचेल मागच्या बाकावर, नेहमीच्या जागी. टॅमसिन पहिल्या बाकावर. मांडीवर शास्त्र, धड्याच्या पहिल्या ओळीवर बोट.

पाळकसाहेब खांबाला हात लावत पितळी गरुडापाशी गेले. गरुडाच्या पसरलेल्या पंखांवर मोठी प्रत उघडी होती. त्यांनी पान चाचपले, नजर खाली केली, आणि म्हणू लागले. त्या दिवशीचा धडा पाण्याचा होता, खोल पाण्याचा. टॅमसिनचे बोट ओळीमागून ओळ सरकत गेले. एकही शब्द चुकत नव्हता. कारभाऱ्यांनी रुमाल खिशात ठेवला आणि समाधानाने मान हलवली.

नवव्या ओळीपाशी ते थांबले.

असे आधीही झाले होते. दोनदा, तीनदा. ती खोकल्यासारखा एक शब्द टाकी आणि गाडी पुढे जाई. ते वाट पाहत होते. किंचित तिच्या दिशेने वळले होते. तिच्या बोटाखाली पुढचा शब्द होता, छोटासा, तीन अक्षरांचा. तो उच्चारला की घर राहणार होते, खिडकी, शेकोटी, खण. त्या एका शब्दात सगळे होते.

बर्फाचा आवाज चर्चच्या आत येत होता. इतकी शांतता झाली होती.

टॅमसिनने पानावरून बोट उचलले.

पाळकसाहेबांचे डोके हळूहळू सरळ झाले. त्यांच्या चेहऱ्यावर अडल्याची खूण राहिली नाही. वचन आले होते.

“‘आणि पाण्यातला तीरावरच्याला म्हणाला, दादा,’” त्यांचा आवाज छतापर्यंत स्वच्छ गेला. “‘आणि दुसऱ्यांदा म्हणाला, दादा, दोर. आणि तीरावरच्याच्या हाती दोर होता. आणि तिसऱ्यांदा त्याने आपल्या बायकोचे नाव घेतले, यासाठी की तीरावरच्याला तिची तरी दया यावी. आणि त्याने टॅमसिन, टॅमसिन, असे पुष्कळ वेळ म्हटले. आणि तीरावरच्याने ऐकले, आणि त्याने ते होऊ दिले, पाणी स्थिर होईपर्यंत.’”

बाकांवरची माणसे पुस्तकात ओळ शोधत होती. एकेक जण शोधायचा थांबला. कारभारी पुढे वाकले होते, तोंड किंचित उघडे. मागे बाक करकरला. नोआ सेचेल उभा राहिला होता. नुसता उभा राहिला, आणि लोक वळून त्याच्याकडे आणि मग पुढे पाहू लागले.

पाळकसाहेबांचा हात पानावरून फिरत होता. वर, खाली, काठावर. जणू अक्षरे बोटांना लागतील.

“टॅमसिन,” ते म्हणाले. आता तो चर्चमधला आवाज नव्हता. “हे कुठलं वचन आहे?”

“पुस्तकात नाही, भावोजी.”

“मग हे मला कसं,” असे म्हणून ते थांबले. त्यांचे ओठ हलत राहिले, पण काही आले नाही. मग त्यांनी गरुडाची मान दोन्ही हातांनी धरली, आणि ती सोडायला ते तयार होईनात. कारभारी आणि सेचेल, दोघांनी मिळून त्यांना खाली आणले.

माणसे बाहेर पडली तरी टॅमसिन बसून होती. फिअरीबाई येऊन तिच्या शेजारी बसल्या. चौदा वर्षांत त्या पहिल्या बाकावर कधी बसल्या नव्हत्या. “घरी चला,” त्या म्हणाल्या. “अजून आहे तोवर घरच म्हणायचं त्याला.”

“पुष्कळ वेळ, म्हणाले ते,” टॅमसिन म्हणाली.

“ऐकलं मी.”

“मला वाटायचं, एकदम गेला.”

फिअरीबाईंनी तिचा हात आपल्या जाड हातमोज्यांत घेतला. थोड्या वेळाने टॅमसिनने तो सोडवून घेतला आणि झग्याच्या खिशातून ‘सफर’ची चिठ्ठी काढली. शुक्रवारपासून ती तिथेच होती. पेन्सिलीला टोक नव्हते. तिने ते दातांनी काढले आणि शास्त्राच्या पुठ्ठ्यावर चिठ्ठी ठेवून कोऱ्या जागेत लिहिले: बार्नाबस ऑर्बेल, तोंडी, थॉर्नमीर चर्च, सोळा जानेवारी अठराशे एक्क्याऐंशी, सर्वांसमक्ष.

मग चिठ्ठीच्या कोपऱ्यात बरोबरची छोटी खूण केली.